रुमाल टाकलेली जागा

शनिवारी सकाळी खराटा आणि पाण्याची कळशी घेऊन मी दफनभूमीच्या फाटकातून आत शिरले, तर ह्यांच्या कबरीशेजारच्या माझ्या जागेवर चुन्याची चौकट आखलेली. ताजी, पांढरीशुभ्र. कडेने मी लावलेल्या विटा कोणीतरी उपटून लिंबाच्या बुंध्याशी नीट रचून ठेवलेल्या.   मला इतकंच वाटलं, अगं बाई, आज? आज कसं जमेल, घरी उडदाची डाळ भिजत घातलीये. मग वाटलं, चौकट सरळ आखलीय हं, लांबीला मला पुरेल, रुंदीला जास्तच होईल. आणि मग कळशी खाली ठेवताना जरा कलंडली, पाणी पायांवर सांडलं, आणि त्या गार पाण्याने मला कळलं की मी जिवंत आहे, म्हणजे ही चौकट दुसऱ्या कोणाची तरी आहे. खरं सांगायचं तर, मरणाची जेवढी भीती वाटली नसती, तेवढा मला त्याचा राग आला.

आमची जळगावची दफनभूमी लहान. जुन्या मिशनच्या काळातली भिंत, भिंतीलगत चांगली जमीन, मागे उतार आणि उताराच्या तळाशी नाला. चर्चच्या पंचांनी फार पूर्वी ठरवून ठेवलंय, जोडप्यातलं एक गेलं की शेजारची जागा दुसऱ्यासाठी राखायची. हे गेले तेव्हा मी रडले कमी आणि विटा लावल्या जास्त. तेव्हापासून दर शनिवारी, उपासनेच्या आदल्या दिवशी, इथे यायचं. आधी ह्यांची कबर झाडायची, दगडावरचं नाव ओल्या फडक्याने पुसायचं, 'प्रेमराज', वरणगावच्या फॅक्टरीत उभं आयुष्य काढलेला माणूस, आणि मग शेजारची मोकळी जागा झाडायची. माझी. लिंबोळ्या, काटक्या, शेळ्यांच्या लेंड्या. अंगणात शिंपडतात तसं तिच्यावर पाणी शिंपडायचं. आमच्या महिला मंडळातल्या कुंदाबाई एकदा बरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुलक्षणाताई, रांगोळी तेवढी राहिली बघा." मी हसले. कोणी टोमणा मारला की मी हसते. माझा आवाज मुळात लहान आहे. शाळेत शिकवायचे तेव्हासुद्धा मागच्या बाकांपर्यंत तो जायचा नाही, फळ्यावर लिहूनच मी नोकरी निभावली. मी एखाद्या गोष्टीला विरोध केला तरी लोक म्हणतात, चला, बाई तयार झाल्या.

पण नेमाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. पहाटे उठल्यावर प्रार्थना होईपर्यंत माणसाशी बोलायचं नाही, मग दाराशी दूधवाला असो की पोटचा मुलगा. शुक्रवारी उपास. भाकरीचं पीठ परातीत घेताना पहिली मूठ देवाची, ती वेगळ्या डब्यात, आणि डबा भरला की चर्चच्या मंडळीत नेऊन द्यायचा, तिथून तो ज्याच्या घरी चूल अडली असेल त्याच्याकडे जातो. ही मूठ मला सासूबाईंनी शिकवली. वरणगावच्या क्वार्टरमध्ये ओट्याशी पाट टाकून हे जेवायला बसायचे, मी पीठ घ्यायचे, मूठ काढायचे, आणि तव्यावरून पहिली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी उतरली की ती ह्यांच्या ताटात. टम्म फुगलेली, वर ठेचा, कच्चं तेल. हे बोटाने तिला भोक पाडून वाफ सोडायचे आणि म्हणायचे, "देवाला कोरडं पीठ आणि मला गरम भाकरी. देवापेक्षा माझंच बरं चाललंय तुझ्या घरात." आम्ही दोघं हसायचो. इतक्या वर्षांत त्या हसण्यात मला कधी काही टोचलं नव्हतं. चुन्याच्या चौकटीपाशी उभी राहिले आणि काय कोण जाणे, ती वाफ तोंडावर आल्यासारखी वाटली.

भिंतीच्या कोपऱ्यातून कुदळ खांद्यावर घेऊन भटू आला. हा नवा खणणारा, नाताळानंतर एरंडोलकडून आलेला. जुने दगडूआबा थकले म्हणून पंचांनी ठेवला. मला पाहून त्याने कुदळ खाली घेतली.

"ही जागा कोणी आखली?" मी विचारलं.

"मीच आखी, अक्का. पाळकसाहेबस्ना फोन वना व्हता. भिंतकडली ओळमा मोकळी जागा शे, तठे खंद म्हने."

"ही मोकळी नाही. राखलेली आहे."

तो चौकटीकडे, मग विटांकडे, मग माझ्या खराट्याकडे बघत राहिला. "माले काय ठाऊक व अक्का! इतली साफ व्हती, पानी मारेल, एक काडी नही. माले वाटनं, खंदाकरताच कोनी तयार करी ठेयेल शे."

पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, मनात ओळीच्या टोकाची, नाल्याकडची जागा होती. तिथे घाणेरीची झुडपं माजलीत, माणूस उभा राहायला तयार होणार नाही. भटूने ओळ पाहिली आणि सगळ्यांत स्वच्छ जागा निवडली. म्हणजे चूक त्याची नव्हती. माझ्याच खराट्याने त्याला बोट दाखवून सांगितलं होतं, ये, इथे खण. मला त्याला रागवायचं होतं, पण शब्द तोंडात फिरून गिळले गेले, कारण 'कोणी तयार करी ठेयेल शे' हे वाक्य मी याआधी पुष्कळदा दुसऱ्या भाषेत ऐकलेलं होतं. वेदीवरून. गुडघ्यांवर. दर वर्षी प्रभूच्या येण्याच्या उपदेशात. तयार राहा, घर झाडून ठेवा. मी झाडून ठेवलंच होतं की. पाहुणा कोण येणार, हे मी ठरवून टाकलं होतं इतकंच.

"कोण गेलं?"

"द्रौपदाबाई. चर्चना मांगली खोलीमा राहे ती."

द्रौपदाबाई. शेवटच्या बाकावर बसणारी, मिश्रीने काळे दात, केसांत डाळमिलची पिवळी धूळ. गीत सुरू झालं की ती आमच्या आधी एक ओळ संपवायची आणि पुढच्या ओळीची वाट बघत मोठ्याने श्वास घ्यायची. पारोळ्याच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातली; नवरा गेल्यावर जळगावला डाळ निवडायला आली, कोणाच्या तरी मागून एकदा उपासनेला आली आणि मग येतच राहिली. गेल्या वर्षी तिचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर महिला मंडळात साक्ष द्यायची पद्धत आहे. आमच्या साक्षी लांब असतात, त्यात आजारपणं असतात, रडणं असतं, कुंदाबाईंची तर चहा गार होईपर्यंत चालते. द्रौपदाबाई उभी राहिली, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "माले बोलता येत नही. मना भाऊ म्हने, तुना त्या प्रभूनं नाव घेशी ते आखाजीले येऊ नको. मी म्हनं, बरं." आणि बसली. आम्ही सगळ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. कुंदाबाई म्हणाल्या, "झालं? एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच शे व माय." आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, काय असते हे खानदेशाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वर्षभर बाई सासरी राबते ती आखाजीच्या झोक्यासाठी. माहेरचं झाड, माहेरचा दोर, माहेरची गाणी. ते सगळं तिने एका 'बरं'वर सोडून दिलं होतं, आणि वर रडलीसुद्धा नाही की आम्हाला तिला जवळ घेता यावं. मला त्या दिवशी तिचा थोडा रागच आला होता. इतक्या सहज सोडणाऱ्या माणसाचा राग येतो, कारण मग आपल्या हातातलं ओझं दिसायला लागतं.

एका शनिवारी माझी कळशी धरायला म्हणून तीच मागे लागून इथे आली होती. ह्यांच्या कबरीला तिने वाकून सलाम केला, आणि शेजारची झाडलेली जागा बघून विचारलं, "आठे कोन शे?"

"कोणी नाही. मी."

आधी तिला कळलं नाही. मग कळलं, आणि ती हसली, कंबरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मरानंतर बी जागा राखनी पडस का व अक्का? एस.टी.मा खिडकीमाईन रुमाल टाकतस तशी!" मी हसले नाही. पुढच्या शनिवारी कळशी मीच उचलली.

आता तिच्यासाठी माझा रुमाल उचलला गेला होता. वैशाखातलं ऊन भिंतीवर चढत होतं, अकराच्या आत माती द्यावी लागणार होती. फाटकातून पाळकसाहेब आले, त्यांच्यामागे पंचांपैकी रतिलालभाऊ, आणि त्यांच्यामागे कानाला फोन लावलेल्या कुंदाबाई. आमचे पाळकसाहेब अभिमन तायडे वयाने माझ्या मुलाएवढे. चूक झाली की त्यांचे कान लाल होतात. "ताई, माफ करा," ते म्हणाले, "फोनवर नीट सांगितलं गेलं नाही. भटू, पुसून टाक ते. नाल्याकडे घे."

"तठे खंदं ते पानी लागस, साहेब," भटू म्हणाला. "नालानं घान पानी. पेटी टेकाना आधीच भरी जाई."

"लागू दे," रतिलालभाऊ म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. ह्यांच्या वेळी पेटीला खांदा त्यांनी दिला होता. "मातीच ती. गेल्या वर्षी मंडळीत आलेली बाई, तिला भिंतीजवळची चांगली जागा? इथे जुनी घराणी आहेत. उद्या प्रत्येकजण मागेल. आणि सुलक्षणाताईंची जागा ती सुलक्षणाताईंची. पंचांचा शब्द आहे."

सगळे माझ्या बाजूने बोलत होते. मला हवं तेच बोलत होते. भटू पायाने चुना पुसायला लागला, एक कोपरा मातीत मिसळला, आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला वाटलं की माझ्या देखत कोणीतरी कोणाला तरी घरातून बाहेर काढतंय, आणि मी आतून कडी धरून उभी आहे. "राहू दे," मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. "राहू दे," मी परत म्हणाले. रतिलालभाऊ म्हणाले, "हो हो ताई, पुसतोच आहे तो." तेव्हा मी चपला काढल्या आणि चौकटीच्या आत जाऊन उभी राहिले. भटूचा पाय थांबला. खाली माती अजून सकाळची गार होती. माझ्या जागेवर मी याआधी कधी पाय दिला नव्हता. नेहमी कडेने झाडायचे.

"ताई, चक्कर येतेय का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाही. द्रौपदाबाईला इथे ठेवा."

मग जे बोलणं झालं ते मी अर्धवटच ऐकलं. कुंदाबाई म्हणाल्या, ऊन लागलंय त्यांना, कांदा आणा कोणीतरी. रतिलालभाऊ म्हणाले, भावनेच्या भरात असं करू नये, मागून पस्तावा होतो. मी भावनेच्या भरात नव्हते. भावना तर सगळी दुसऱ्या बाजूला होती, माझ्या उजव्या हाताला, त्या दगडाखाली. ह्यांच्या डाव्या बाजूला मी झोपत आले, लग्नापासून. वरणगावच्या क्वार्टरमध्ये खाट एकच आणि हे झोपेत हातपाय पसरायचे. मी कोपराने ढोसून म्हणायचे, सरका, आणि हे डोळे न उघडता सरकायचे. शेवटच्या आजारात सरकायची ताकद नव्हती तरी 'सरका' म्हटलं की खांदा हलायचा. त्या खांद्यासाठी मी ही जागा राखली होती. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, माती फाटेल, सगळे उठतील, आणि मी काय करेन हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उजवीकडे वळेन आणि म्हणेन, उठा, चहा ठेवते. हे चित्र मी इतक्यांदा बघितलं होतं की त्याला कडा आल्या होत्या. ह्यांच्या केसांत माती असेल, ती मी झटकेन. शास्त्रात तो उतारा येतो, त्या दिवशी कोणी कोणाचा नवरा नसतो, कोणी कोणाची बायको नसते, तो मी नेहमी भराभर वाचते, रस्त्यात ओळखीचं पण नको असलेलं माणूस दिसावं तसा. आणि आज त्या चौकटीत अनवाणी उभी असताना ते चित्र मला पहिल्यांदा पूर्ण दिसलं. समोर प्रभू उभा आहे. सगळं आयुष्य ज्याच्यासाठी पहाटे तोंड मिटून बसले, शुक्रवारी उपाशी राहिले, तो समोर आलाय, उजेडच उजेड, आणि माझी त्याच्याकडे पाठ आहे. मी ह्यांच्या केसांतली माती झटकतेय.

फोन वाजला. राजदीप. कुंदाबाईंनी कळवलं असणार. बातमी पोचवण्यात त्या एस.टी.लाही मागे टाकतात. "आई, काय चाललंय तिकडे? मी धुळ्याहून निघालोय, गाडीतच आहे. कोणाला खणू देऊ नकोस."

"सावकाश चालव," मी म्हणाले.

"आई, ती बाबांच्या शेजारची जागा आहे!"

"मला माहीत आहे कोणाच्या शेजारची आहे ती."

"मग?"

मग काय, हे मला त्याला फोनवर सांगता आलं नसतं. भटू कुदळीवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होता. मी मनात देवाशी बोलत होते, आणि नेहमीसारखं गुडघ्यांवर, हळू, 'हे दयाळू बापा' असं नव्हे. मी म्हटलं, तुला हे माहीत होतं. इतकी वर्षं मी शनिवारी इथे येऊन झाडत होते आणि तू बघत होतास. तुझ्या डब्यात मी कोरडं पीठ टाकत गेले आणि तू ते घेत गेलास, एकदाही म्हणाला नाहीस की मला भाकरी हवी. आज मागतोस. माझ्याजवळ एकच उरलीय तेव्हा मागतोस. ठीक आहे, घे. पण मला आनंद झाला असं म्हणायला लावू नकोस. संतोषाने देणारा तुला आवडतो म्हणे. मी तशी देणार नाही. मी दात आवळून देतेय. ह्यांच्यावरची माझी माया तिळभर कमी झालेली नाही, तीही तुझ्यासमोरच सांगते, कमी करणारही नाही. फक्त तुझी जागा तुला. चालत असेल तर घे, नाहीतर नाल्याकडे भरपूर मोकळं आहे. इतक्या उद्धटपणे मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते, नवऱ्याशी नाही, मुख्याध्यापकांशी नाही. आभाळ फाटलं नाही. लिंबावरून एक कावळा उडाला, एवढंच. पण मला असं वाटलं, खोटं नाही सांगत, की कोणीतरी पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकतंय.

मी चौकटीतून बाहेर आले, कळशी उचलली, आणि उरलेलं सगळं पाणी चौकटीत ओतलं. आमची काळी जमीन उन्हाळ्यात दगड होते, भेगा पडतात, कुदळ उसळते. पाणी आवाज न करता आत गेलं.

"खण," मी भटूला म्हणाले.

"अक्का, आते बी सांगा. एकदाव खंदं म्हंजे खंदं."

"खण रे बाबा."

पहिला घाव पडला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्याला उघडे ठेवले. पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, केवढा त्याग केलात. उद्याच्या उपदेशात मी..."

"उपदेशात माझं नाव घेतलंत तर मी उठून बाहेर जाईन." कान परत लाल झाले. मला त्यांची कीव आली, पण शब्द मागे घेतले नाहीत. "त्याग तिचा बघा, साहेब. भाऊ सोडला, आखाजी सोडली, आणि साक्ष केवढी तर 'बरं'. तिचं सांगा उद्या."

"तिच्या भावाला फोन केला होता," ते म्हणाले. "तो म्हणाला, आमच्याकडून ती केव्हाच गेली."

रतिलालभाऊ भिंतीच्या सावलीत जाऊन उभे राहिले होते. थोड्या वेळाने टोपी सारखी करत आले आणि म्हणाले, "ताई, प्रेमराज असता तर काय म्हणाला असता?" हा प्रश्न मला लागावा म्हणूनच विचारलेला होता, आणि लागलाही. मी खरंच विचार केला. हे असते तर आधी चिडले असते. मग खड्ड्यात डोकावून भटूला म्हणाले असते, कोपरा सरळ घे, फॅक्टरीतला माणूस शेजारी आहे, त्याला वाकडं चालत नाही. "तुम्हालाच माहीत, भाऊ," मी म्हणाले, "तुम्ही जुने मित्र. पण हे काहीही म्हणाले असते तरी मी हेच केलं असतं." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मीच दचकले. ह्यांच्या हयातीत नाही, ह्यांच्या पश्चातसुद्धा मी हे कधी म्हटलं नव्हतं.  रतिलालभाऊंनी टोपी काढली आणि पेटी आणायला मंडळीच्या माणसांबरोबर गेले.

पेटी साधी होती. तिला उचलायला चार माणसं पुरेशी होती, त्यांतले एक रतिलालभाऊ. ती खड्ड्याशी आणून टेकवली आणि फाटकाशी गाडीचा दरवाजा आपटला. राजदीप धावत आला, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात रुमाल, मानेवरून, कपाळावरून तो पुसत होता. लहानपणी शाळेतून रडत यायचा तेव्हा नाकपुड्या अशाच फुलायच्या.

"थांबा," तो म्हणाला. "पाळकसाहेब, थांबा जरा. आई, इकडे ये."

"इथेच बोल."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच चाललंय ते."

"मी बाबांना शब्द दिलाय, आई. दवाखान्यात. माझा हात धरून ते म्हणाले, आईला माझ्याजवळ ठेव. शेवटचं बोलले ते माझ्याशी, नंतर बोलले नाहीत. आणि मी आता काय करू? कोण कुठली ही बाई!"

हे मला माहीत नव्हतं. त्याने इतकी वर्षं ते स्वतःजवळ ठेवलं होतं, आणि आता ते सगळ्यांसमोर त्याच्या तोंडातून बाहेर पडलं. म्हणजे ह्यांनीही रुमाल टाकला होता. मला न सांगता. एक क्षण, फक्त एक, मला वाटलं की भटूला सांगावं, बुजव. भोक पाडलेल्या भाकरीतून वाफ येते तशी ती हाक आली, गरम, ओळखीची, आणि मी तिला येऊ दिलं, पूर्ण, पायापासून डोक्यापर्यंत. मग मी राजदीपचा रुमालाचा हात धरला.

"शब्द तू दिलास," मी म्हणाले. "तू पाळायला बघितलास, झालं. धुळ्याहून धावत आलास, त्याहून जास्त कोण काय पाळतं. नाही मी म्हणतेय. बाबांनी मला विचारलं तर मी सांगेन त्यांना."

"ते एकटे पडतील गं."

"एकटे कसे? ही गाते. सगळ्यांच्या आधी ओळ संपवते."

कुंदाबाईंना हुंदका आला, की हसू, ते कळलं नाही. राजदीप माझ्याकडे बघत राहिला. माझा आवाज नेहमीएवढाच लहान होता, पण तो त्याच्यापर्यंत पोचला, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो बाजूला झाला. मग काय मनात आलं कोण जाणे, परत पुढे आला आणि दोराचं एक टोक धरलं. पेटी खाली उतरली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, छोटी केली. माती द्यायची वेळ आली तेव्हा सगळे थांबले. गेलेल्याचं माणूस आधी देतं आणि तिचं माणूस नव्हतं. मी वाकले. माझीच माती होती, मीच भिजवलेली, चिकट झालेली. पहिली मूठ. ती हातातून सुटेना, बोटांना लागून बसली, झटकावी लागली. मग गीत सुरू झालं आणि शेवटच्या बाकाविना ते सगळ्यांनी एकाच वेळी संपवलं. फार कसंतरी वाटलं ते.

लोक पांगले. भटू वर माती सारखी करत होता. दोन कबरी शेजारी शेजारी, एकीला दगड, एकीला ओली माती. ह्यांच्या दगडावर धूळ उडाली होती. दर शनिवारचं फडकं माझ्या पिशवीत होतं. हात तिकडे गेला. मी ते काढलं नाही. मी मनातल्या मनात इतकंच म्हटलं, सरका हं थोडं, पाहुणी आलीय. आणि मग चपला शोधल्या.

"अक्का," भटूने विचारलं, "मंग तुमले कोठे?"

"तू जिथे चुना टाकशील तिथे."

"नाल्याकडची ती टोकाची जागा," राजदीप लगेच म्हणाला. तो उताराकडे बघत होता, डोळ्यांवर हात धरून, हिशेबी चेहऱ्याने. माझा मुलगा, माझ्यावरच गेलाय. "घाणेरी काढून घेऊ, भर टाकू, कडेने पक्की बांधून घेऊ. निदान बाबा दिसतील तिथून. मी रतिलालकाकांना आत्ताच सांगतो, आजच राखून ठेवू." घामाने भिजलेला रुमाल त्याच्या मुठीत होता आणि तो हात त्याने त्या जागेच्या दिशेने लांब केला होता.

"राजदीप," मी म्हणाले, "रुमाल खिशात ठेव."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने ठेवला. मी खराटा उचलला, रिकामी कळशी त्याच्या हातात दिली. घरी डाळ भिजून फुगली असेल. माती देऊन आलेल्यांना जेवायला बोलवायचं होतं, द्रौपदाबाईच्या घरून बोलावणारं कोणी नव्हतं. भटूला मी म्हणाले, हातपाय धुऊन ये, पहिली भाकरी तुझी. राजदीपने वळून माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात पहिली भाकरी कोणाची असायची हे त्याला ठाऊक होतं. फाटकाशी पोचेपर्यंत मला मागे वळून बघावंसं फार वाटत होतं. मान दुखेपर्यंत वाटत होतं. म्हणूनच बघितलं नाही.